झीरो, झीरो, टू

"सर, नेट कुठं आहे तेवढं सांगा," आवटी मॅडम म्हणाल्या. "म्हणजे मी तिकडं तोंड करून उभी राहते."

पाचगणीतल्या एका निवासी शाळेच्या मैदानाच्या कडेला आम्ही तिघं होतो आणि समोर नुसतं धुकं होतं. नोव्हेंबरचा महिना. रात्रीतून दरी सोडून वर आलेलं धुकं मैदानावर येऊन बसलं होतं. त्याच्या आतून कुठून तरी आवाज येत होता. टॉक. थोडं थांबून पुन्हा टॉक. रिकाम्या खोक्यावर कुणीतरी सावकाश टिचकी मारावी तसा. टेनिसच्या चेंडूचा आवाज भरीव असतो. पन्नास वर्षं तो माझ्या कानांत होता. हा आवाज पोकळ होता, आणि खेळणारे दिसत नसल्यामुळे धुकंच स्वतःशी खेळतंय असं वाटत होतं.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली, पण तो आवाज मला अजून ऐकू येतो.

चारुता पायरीवर बसून आपल्या पॅडलच्या, म्हणजे रॅकेटसारख्या फळीच्या, मुठीला नवी पट्टी गुंडाळत होती. चारुता मगदूम. आठव्या वर्षी ती सांगलीच्या जिमखान्यावर माझ्याकडे टेनिस शिकायला आली. पुढं तेरा-चौदा वर्षं ती देशोदेशी व्यावसायिक टेनिस खेळली. एकतिसाव्या वर्षी खांदा गेला. दोनदा शस्त्रक्रिया झाली, तरी उजवा हात डोक्याच्या वर जाईना. हात वर जात नसेल तर टेनिसमध्ये सर्व्हिसच करता येत नाही. ती घरी आली आणि वडिलांच्या फरशीच्या दुकानात गल्ल्यामागं बसू लागली.

तिथं एक दिवस आवटी मॅडम स्वयंपाकघराच्या फरश्या बघायला आल्या. बँकेतल्या, बावन्न वर्षांच्या, अंगानं भरलेल्या. त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी पिकलबॉल, म्हणजे छोट्या कोर्टावर फळीनं खेळायचं टेनिस, चालायचं. त्यांनी फरशी घेतली नाही, चारुताला घेऊन गेल्या. "यात सर्व्हिस कमरेखालून करतात," त्यांनी तिला सांगितलं होतं. "तुझा खांदा आहे तिथं राहू दे."

हे सगळं मला बाहेरून कळलं तेव्हा खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं होतं. भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू, बोटभर जाडीची फळी, आणि माझी चारुता. तरी पाचगणीच्या या पिकलबॉल स्पर्धेला येता का असं तिनं विचारलं तेव्हा मी निघालो. तिनं मला याआधी कधी बोलावलं नव्हतं. मीच जायचो.

"आज पहिला सामना कुणाशी?" मी विचारलं.

"पुण्याच्या दोन पोरी आहेत. कॉलेजातल्या. त्यांचं दोघींचं वय मिळून माझ्याएवढं होत नाही," आवटी मॅडम म्हणाल्या. "सर, तुम्हाला किचन माहितीये का?"

"कुठलं?"

"नेटच्या दोन्ही अंगांना सात-सात फूट. त्याला किचन म्हणतात. तिथं उभं राहून चेंडू टप्पा पडायच्या आत मारायचा नाही. पाय पडला की पॉइंट गेला. आता बघा, तीस वर्षं घरात सगळे मला म्हणतायत की किचनमध्ये जा. आणि इथं गेले की फाउल."

चारुता हसली. मीही हसलो.

"आणि अंपायर कुठं बसतो?"

"अंपायर कुठला, सर. या फेरीला नसतो. जी सर्व्हिस करते तिनंच आधी मोठ्यानं स्कोअर म्हणायचा. तीन आकडे. आपले पॉइंट, त्यांचे पॉइंट, आणि जोडीतली पहिली सर्व्हिस करतेय की दुसरी. सुरुवातीला पहिल्या जोडीला एकच सर्व्हिस मिळते, ती दुसरी धरायची, म्हणून सामना सुरू होताना म्हणायचं झीरो, झीरो, टू."

"म्हणावंच लागतं?"

"म्हटल्याशिवाय सर्व्हिस करता येत नाही. पार्किंगमध्ये आम्ही हिला सूट दिलीये, तिथं मीच म्हणते दोघींचा. इथं कसं करायचं ते बघू."

मी चारुताकडं पाहिलं. तिनं मान वर केली नाही. पट्टीचं टोक तिनं अंगठ्यानं दाबून धरलं होतं, आणि चिकटल्यावरही ती ते दाबतच होती.

चारुता बोलताना अडखळते. लहानपणापासून. शब्दाचं पहिलं अक्षर तिच्या तोंडात अडकतं आणि ते सुटेपर्यंत समोरच्यानं थांबायचं असतं. फार थोडी माणसं थांबतात.

आदल्या संध्याकाळी जेवताना ती मला म्हणाली होती, "उद्या ज... जमलं तर पुढं खेळीन, सर. नाही जमलं तर दुकान." मी समजलो की ती जिंकण्याबद्दल बोलतेय. आता त्या पायरीपाशी उभं राहून मला कळलं की ती कशाबद्दल बोलत होती.

मी शाळेत गणित शिकवायचो आणि संध्याकाळी जिमखान्यावर पोरांना टेनिस. तिथं गोदामाची एक उंच भिंत होती. नवी पोरं पहिले सहा महिने त्या भिंतीवर चेंडू मारायची, आणि प्रत्येक फटक्याला पाढ्याची एक ओळ म्हणायची. बे एके बे, टप्. बे दुणे चार, टप्. ऊन उतरायला लागलं की पंधरा-वीस पोरांचा तो सूर आणि चेंडूंचा ठेका एक होऊन जायचा आणि भिंतच पाढे म्हणतेय असं वाटायचं. त्या सुरात चारुता कधी अडखळली नाही. सगळ्यांबरोबर तिचा आवाज सरळ जायचा.

पोरं म्हटली की मध्येच गप्पा सुरू होणारच. मी कुणाला रागावत नसे. माझ्या खिशात कागदाच्या पुडीत खडीसाखर असायची. फार बोलणाऱ्याच्या तोंडात एक खडा द्यायचा. "विरघळेपर्यंत बोलायचं नाही. चावायचा नाही." पोरं खुशीनं गप्प बसायची. गाल फुगवून चेंडू मारणारी ती रांग अजून माझ्या डोळ्यांपुढं येते.

चारुताचा पहिला सामना कोल्हापूरला झाला, बारा वर्षांखालच्या गटात. तिथंही अंपायर नव्हता. पहिला पॉइंट तिनं जिंकला आणि 'फिफ्टीन-लव्ह' म्हणायला ती उभी राहिली. चेंडू आपटत राहिली. दहा वेळा, वीस वेळा. पलीकडची मुलगी आईकडं बघून हसली. मी जाळीबाहेर होतो. माझ्यानं बघवलं नाही. मी ओरडलो, "फिफ्टीन-लव्ह."

चारुतानं सर्व्हिस केली. सामनाही जिंकली.

त्या दिवसापासून मी प्रत्येक स्पर्धेत आधीच पंचांना भेटून ठेवायचो. स्कोअर मी म्हणेन, नाहीतर आमचं दुसरं कुणीतरी म्हणेल. पुढं ती मोठ्या स्पर्धांत गेली तेव्हा उंच खुर्चीवर अंपायर आला आणि प्रश्नच मिटला. लोक विचारायचे, हळबे सर, या पोरीसाठी तुम्ही काय काय केलंत. मी तोंडानं काही सांगत नसे, पण मनात मला पहिल्यांदा हीच गोष्ट आठवायची. कोर्टवर तिला मी एक शब्दही बोलायची वेळ येऊ दिली नाही.

तर त्या सकाळी पाचगणीत मी तेच केलं. मैदानाच्या टोकाला मंडपात टेबल टाकून संयोजकांपैकी एक बाई बसल्या होत्या, कानाला मफलर बांधून. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"चालेल की," त्या म्हणाल्या. "अडचण असेल तर जोडीदारानं स्कोअर म्हटलेला चालतो. मी लिहून ठेवते."

मी परत आलो तेव्हा पाय हलके झाले होते. आवटी मॅडमना म्हणालो, "काळजी नको. दोघींचा स्कोअर तुम्हीच म्हणा. मी सांगून आलोय."

"बघ, सरांनी मिटवलं," आवटी मॅडम चारुताला म्हणाल्या.

चारुतानं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, तिला बरं वाटलं असेल. मग तिनं पिशवीत हात घातला, एक कागदाची पुडी काढली आणि तिच्यातला मोठा खडा उचलून माझ्यापुढं धरला.

"सर, तुम्हाला ख... खोकला येतोय."

"नाही गं."

"येईल. धुकं आहे. तोंडात धरा. चा... चावायचा नाही."

मी खडा तोंडात टाकला. इतक्या वर्षांनी पोरीला आठवण राहिली, म्हणून मला भरून आलं. पुडी तिनं माझ्या स्वेटरच्या खिशात सरकवली आणि ती मंडपाकडं गेली. धुक्यात ती टेबलापुढं उभी असलेली पुसटशी दिसत होती. बराच वेळ उभी होती. मफलरवाल्या बाईंनी मान हलवली, कागदावर काहीतरी खोडलं. सही राहिली असेल, असं मला वाटलं.

शाळेच्या जुन्या टेनिस कोर्टावरच पिकलबॉलची लहान कोर्टं आखली होती. जुन्या पांढऱ्या रेघा तशाच होत्या, आणि त्यांच्या आत नव्या पिवळ्या रेघा. जणू मोठ्या घराच्या ओट्यावर पोरांनी खडूनं आपलं छोटं घर काढावं. धुकं आता जरा विरळ झालं होतं. पुण्याच्या दोघी पलीकडं उड्या मारत अंग गरम करत होत्या. अकरा पॉइंटांचा एकच डाव. पहिली सर्व्हिस चारुताची.

ती पिवळ्या रेघेमागं उभी राहिली. आवटी मॅडमनी मागं बघून घेतलं आणि म्हणायला तोंड उघडलं. चारुतानं त्यांना तळहात दाखवला. थांबा.

मॅडमनी तोंड मिटलं आणि माझ्याकडं पाहिलं.

चारुताचे ओठ हलले. आवाज आला नाही. तिनं चेंडू हातात फिरवला, पुन्हा ओठ हलवले. "झ..." तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. "झ... झ..."

माझ्या तोंडात तो शब्द तयार होता. कोल्हापूरला होता तसाच. मी तो म्हणायला गेलो, तर जीभ खड्यावर आपटली. मी खडा गालात सरकवायला लागलो आणि तेवढ्यात पलीकडची उंच मुलगी म्हणाली, "ताई, सावकाश. आम्हाला घाई नाही." तिनं पॅडल काखेत धरलं आणि हातांवर फुंकर घालत उभी राहिली. थंडीनंच घालत होती, तिला दुसरं काही सुचवायचं नव्हतं. मी खडा होता तिथंच राहू दिला.

"झ... झीरो," चारुता म्हणाली. "झीरो. ट... ट..."

मधे किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. धुक्यातून बाजूच्या कोर्टावरचे टॉक, टॉक ऐकू येत राहिले.

"टू."

आणि तिनं सर्व्हिस केली. चेंडू नेटमध्ये गेला.

आवटी मॅडम मोठ्यानं हसल्या. "एवढं म्हटलंस, आता मारायचं पण राहू दे."

चारुताही हसली. मी तिला कोर्टवर हसताना कधी पाहिलं नव्हतं.

पहिले पाच पॉइंट पुण्याच्या मुलींनी घेतले. त्याला कारण चारुताचे डोळे होते. पिवळ्या रेघेच्या दोन-दोन फूट बाहेर जाणारे चेंडू ती धावत जाऊन मारत होती, कारण पांढरी रेघ अजून लांब होती. तेवीस वर्षं त्या पांढऱ्या रेघेच्या आत पडणारं सगळं तिनं परत केलेलं होतं.

"अगं सोड," आवटी मॅडम ओरडत होत्या. "आउट आहे तो. जाऊ दे त्याला त्याच्या घरी."

हळूहळू ती सोडायला शिकली. ढगासारखा येणारा तो चेंडू तिच्याजवळून जायचा आणि ती पॅडल खाली धरून नुसती बघत राहायची. मग पॉइंट येऊ लागले. दोन-पाच. चार-सहा. प्रत्येक सर्व्हिसच्या आधी ती थांबायची, शब्द अडकायचा, आम्ही सगळे थांबायचो, शब्द सुटायचा. "फ... फोर. सिक्स. व... वन." काही आकडे चटकन जायचे. 'सिक्स' तिला सोपा होता. 'टू'ला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. शेजारच्या कोर्टावरची दोन माणसं आपला सामना संपवून जाळीपाशी येऊन उभी राहिली. एकानं दुसऱ्याला काहीतरी विचारलं, दुसऱ्यानं तोंडावर बोट ठेवलं.

सात-आठ झाले होते. चारुता पुन्हा सर्व्हिसला उभी राहिली आणि 'सेव्हन, एट' म्हणून 'टू'पाशी अडकली. या वेळी फार वेळ अडकली. डोळे मिटले गेले तिचे. मी जिभेनं खडा चाचपला. खडा नव्हता. केव्हाच विरघळून गेला होता.

म्हणजे मी बोलायला मोकळा होतो. माझ्याच नियमाप्रमाणे.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मला खोकला नव्हताच. मी काल रात्रीपासून एकदाही खोकलो नव्हतो. तिनं मला खोकल्यासाठी खडा दिला नव्हता. भिंतीपाशी जास्त बोलणाऱ्या पोराला देतात, तसा दिला होता. आणि त्या टेबलावर तिनं सही केली नव्हती. मी लिहून घेतलेलं तिनं खोडून घेतलं होतं, मला न दुखवता, आपल्याच तोंडानं, आपल्याला लागेल तेवढा वेळ घेऊन.

मी खिशातली पुडी काढली आणि आणखी एक खडा तोंडात टाकला.

"टू," चारुता म्हणाली. आठ-आठ झाले.

पुढं नऊ-नऊ. मग पुण्याच्या मुलींनी एक घेतला आणि दहा-नऊवर सर्व्हिसही त्यांचीच होती. तो शेवटचा पॉइंट मी कधीच विसरणार नाही. चौघी नेटजवळ आल्या आणि चेंडू अलगद इकडून तिकडं जाऊ लागला, कुणाला तो फोडायचाच नसावा तसा. टॉक. टॉक. टॉक. ऊन नुकतंच धुक्यातून खाली येत होतं आणि पिवळा चेंडू त्यात मधेच दिसेनासा व्हायचा, पुन्हा दिसायचा. शेवटी तो जरा उंच उठला आणि आवटी मॅडमनी पुढं झुकून दोघींच्या मधून असा मारला की पुण्याच्या मुली बघत राहिल्या. जाळीपाशी टाळ्या पडल्या.

आवटी मॅडमनी हात वर केला.

"माझा पाय," त्या म्हणाल्या. "किचनमध्ये गेला."

कुणीच पाहिलं नव्हतं. पुण्याच्या मुलींनीही नाही. अकरा-नऊ. आम्ही हरलो.

"सॉरी गं," आवटी मॅडम चारुताला म्हणाल्या. "तीस वर्षांची सवय."

चारुतानं त्यांना मिठी मारली. मग ती नेटपाशी गेली आणि त्या उंच मुलीचा हात हातात घेऊन काहीतरी सांगू लागली. ती मुलगी ऐकत राहिली. बराच वेळ लागला. मी जवळ गेलो नाही.

दुपारी गटातले उरलेले दोन्ही सामनेही हरून आम्ही पसरणीच्या घाटानं खाली निघालो. गाडी आवटी मॅडम चालवत होत्या, चारुता त्यांच्या शेजारी, मी मागं. पहिल्या वळणापासून चारुता बोलायला लागली. कुठला चेंडू सोडायला हवा होता, उंच मुलीचा डावा हात कसा कच्चा होता, पुढच्या महिन्यात नाशिकला स्पर्धा आहे, तिथं आवटी मॅडमनी किचनपासून एक हात लांब कसं उभं राहायचं. प्रत्येक वाक्य कुठं ना कुठं अडकत होतं आणि ती ते ओढून बाहेर काढत होती. खाली कृष्णेच्या खोऱ्यात ऊन पसरलं होतं. धोमचं पाणी दिसायचं, वळणाआड जायचं, पुन्हा दिसायचं.

"दुकानाचं काय?" मी विचारलं.

"बाबा आहेत की दु... दुकानात."

मग ती वळली आणि सीटवरून माझ्याकडं बघत म्हणाली, "सर, एक सांगू? भ... भिंतीपाशी सगळ्यांना खडीसाखर मिळायची. बडबड्या अमोघला रोज मिळायची. मला कधीच नाही मि... मिळाली."

मी आठवून पाहिलं. खरंच होतं. ती कधी बोललीच नव्हती, तर मी तिला देणार कशी. रांगेच्या टोकाला उभं राहून ती बाकीच्यांच्या फुगलेल्या गालांकडं बघत असणार, रोज, आणि मी शेजारून जात असणार.

मी खिशातली पुडी उघडली. चार-पाच खडे उरले होते. सगळ्यात मोठा निवडला आणि पुढं हात केला.

"चारुता, फार बोलतेस. हा तोंडात धर. विरघळेपर्यंत बोलायचं नाही. चावायचा नाही."

तिनं खडा घेतला. क्षणभर तळहातावर धरून पाहिला आणि तोंडात टाकला. मग ती पुढं वळून बसली. समोरच्या आरशात मला तिचा फुगलेला गाल दिसत होता.

आवटी मॅडमनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि गिअर बदलला. एक वळण गेलं. दुसरं गेलं. खाली वाईची घरं दिसायला लागली.

आणि पुढच्या सीटवरून आवाज आला. काडकन.

तिनं खडा चावला होता.

"पण स... सर," ती म्हणाली, "तो सातव्या पॉइंटचा चेंडू आउटच होता."